जीपचं रेडिएटर आणि बॅटरीचं पाणी

उन्हाळ्यात आमच्या गावाला टँकर लागतो, आणि त्या टँकरच्या रांगेत माझी ओळख ‘कंप्युटरला पाणी पाजणारी’ अशी होती. एक शेजारीण तर तोंडावर म्हणाली, “आमच्या म्हशीला घोटभर मिळंना, आन् तुज्या डब्ब्याला कळशीभर पाणी! लई शिकलीस बाई.” मी म्हटलं, “कळशीभर एकदाच घातलंय. तेच पाणी गोल फिरतं, सांडत न्हाई. तुजी म्हैस तसं करती का, इचार तिला.” रांग हसली. पटलं कुणालाच नाही आणि मला त्याची फिकीरही नव्हती. ज्याला पटायला पाहिजे होतं तो माणूस माझ्याच घरात जेवत होता.

तो म्हणजे आमचे मालक. त्यांच्या चुलतभावानं चाकणच्या एका कंपनीत त्यांच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. पोरगी पहिलीत जाणार होती, तेव्हा शाळा सुरू व्हायच्या आत पुण्याकडं बिऱ्हाड हलवायचं असं त्यांच्या मनानं घेतलं. पाटोद्याजवळच्या आमच्या खेड्यात त्यांच्या हाताला काम असलं तर असायचं. मला मात्र वर्षभर होतं. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. लग्नाआधी बीडला एका स्टुडिओत शिकले आणि सासरी येताना मशीनसकट आले. पाटोदा, वडवणी, गेवराईचे फोटोग्राफर एसटीनं नाहीतर जीपनं कॅमेऱ्याची मेमरी कार्डं पाठवतात, मी पिक्चर करून परत धाडते. पुण्याला गेले असते तर ही सगळी माणसं सुटली असती. पण खरा घोर त्याचा नव्हता. खरा घोर मामांचा होता.

मामा म्हणजे माझे सासरे. मी मामा म्हणते, त्यांचा लेक त्यांना आबा म्हणतो. सारा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. गुडघ्यांनी दगा दिला तसा कळप गेला, आता घरामागच्या छपरात चार शेळ्या तेवढ्या उरल्यात. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. पुण्याचा विषय निघाला तेव्हा मामा एवढंच म्हणाले, “तितं शेळी बांदायला जागा देतेत का?” यायचं नाही हे त्यातच आलं. पण ‘जाऊ नका’ असं काही त्यांच्या तोंडातून निघालं नाही. म्हणजे आम्ही हललो की हा माणूस एकटा चुलीपुढं बसून स्वतःची भाकरी थापणार. मी बाप न बघता वाढलेली पोर. सासरी आल्यावर ‘जेवलीस का गं’ असं मला पहिल्यांदा कुणी विचारलं असेल तर ते ह्या म्हाताऱ्यानं. त्याला सोडून मी चाकणला जाऊन फ्लॅटात बसू? हाड!

आता मशीनचं सांगते. माझी कामाची खोली पत्र्याची. वैशाखात तिथं पापड वाळवावेत अशी गत, आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच. एडिटिंग संपलं की मशीन सगळे तुकडे जोडून पिक्चर बाहेर काढतं, त्याला रेंडर म्हणतात. ते चालतं कितीक तास, आणि तेवढा वेळ मशीनचा प्रोसेसर तव्यागत तापतो. ताप हद्दीबाहेर गेला की मशीन आपणहून बंद पडतं, जळून जाऊ नये म्हणून. मागच्या उन्हाळ्यात असं सारखं व्हायचं. एसी घ्यायचा तर आमच्याकडच्या व्होल्टेजवर बल्बसुद्धा लाजत लाजत पेटतो. कूलर लावावा तर तो बादल्या बादल्या पाणी पितो, आणि पाणी तर टँकरचं. वडवणीच्या एका लग्नाचं काम त्यापायी दिलेल्या दिवशी गेलं नाही. फोटोग्राफर फोनवर जे बोलला ते मालकांनीही ऐकलं.

“हे काम हितलं न्हाई,” ते म्हणाले. “पुण्यात चल, गारव्यात बस, तितं कर.”

माझं डोकं फिरलं. “हितलं न्हाई म्हंजी? हितं लग्नं होत न्हाईत का? हितलीच लग्नं हायती ना ही?”

“लग्नं होतेत. मशीन चालत न्हाई.”

“चालवून दाखवते. एक लग्नसराई द्या मला. येत्या उन्हाळ्यात एक जरी लग्न सांगितल्या दिवशी गेलं न्हाई, तर मी माज्या हातानं गाठोडं बांधीन. आन् सगळी गेली, तर पुण्याचं नाव काढायचं न्हाई.”

“बघ हं. माघार न्हाई.”

“मी कधी घेतली?”

मामा दारात दाव्याला पीळ घालत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबला होता, ते मी बघितलं.

मशीन पाण्यानं गार करतात हे मी मोबाइलवर बघितलेलं होतं. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा एक चौकोनी ठोकळा बसवायचा. त्याच्या आत केसाएवढ्या बारीक फटी असतात. पंपानं त्या फटींतून पाणी खेळवायचं, पाणी ताप उचलतं, पाइपातून रेडिएटरमध्ये जातं, तिथं पंख्यानं निवतं आणि परत येतं. लोक रेडिएटर मशीनच्या पेटीतच बसवतात. मी विचार केला, माझी खोलीच भट्टी, मग भट्टीतला ताप काढून भट्टीतच सोडण्यात काय हशील? रेडिएटर घराबाहेर पाहिजे. मागच्या भिंतीला दिवसभर सावली असते, कडुलिंबाचं झाड आहे आणि शेळ्यांचं छप्पर आहे. तिथं मोठ्ठं रेडिएटर ठेवायचं, गाडीचंच.

मालकांच्या गाडीमागं बसून गेवराईला भंगारवाल्याकडं गेले. तो म्हणाला, “कुठल्या गाडीला पायजे ताई?” मी म्हटलं, “कंप्युटरला.” त्यानं आतल्या माणसाला हाक मारली, “ऐक बे, इकडं ये, कंप्युटरला रेडिएटर पायजे म्हणं!” दोघं पोट धरून हसले. मी हसू दिलं आणि ढिगावर चढले. ॲल्युमिनियमचं मला नको होतं, कारण माझा ठोकळा तांब्याचा आणि पाण्यात हे दोन धातू एकत्र आले की एक दुसऱ्याला खातो. किल्लीनं खरवडत खरवडत शेवटी एका जुन्या जीपचं सापडलं, तांब्या-पितळेचं, खाली पाणी सोडायची तोटी, वर झाकण. मालक ते मांडीवर घेऊन घरापर्यंत आले असते तर बरं झालं असतं, कारण ते मलाच घ्यावं लागलं आणि माझी साडी गेली ती गेलीच.

त्यानंतर आठवडाभर मी ते नुसतं धुतलं. ढोकळ्यात घालतात ते लिंबाचं फूल कढत पाण्यात कालवायचं, आत ओतायचं, हलवायचं, सोडायचं. पहिल्यांदा काळा चहा निघाला, मग तांबडा, मग पिवळा. पाणी नितळ येईपर्यंत मी काही सोडलं नाही. पंप आणि ठोकळा कुरिअरनं मागवले, पाइप आणि क्लिपा ठिबकच्या दुकानातून आणल्या. भिंतीला भोक मालकांनी पाडलं, पहारीनं, घाम गाळत. “पुण्याला जाताना हे बुजवायचं कुणी?” ते म्हणाले. “पाडलंय तुमी, तुमीच बुजवा,” मी म्हटलं.

मशीनला करंट न देता आधी नुसता पंप चालवून बघायचा असतो. मी सगळ्या जोडांखाली वर्तमानपत्र पसरलं आणि दिवसभर घटकेघटकेला हात फिरवून बघत राहिले. संध्याकाळी एका जोडाखाली पैशाएवढा ओला डाग. पुन्हा सगळं पाणी सोडलं, जोड उकलला, नवी क्लिप, पुन्हा कागद. पुन्हा डाग. तिसऱ्यांदा उकलताना मी त्या पाइपाला अशा शिव्या घातल्या की मामा शेळ्या सोडून बघायला आले. चौथ्यांदा कागद कोरडा राहिला.

मग आतलं धुतलेलं पाणी काढून खरं पाणी घातलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते, म्हणजे ज्यात क्षाराचा कण नसतो, आणि त्यात गाडीचं हिरवं कूलंट. मामा जवळ उभे होते. “हे असलं हिरवं कावून?” त्यांनी विचारलं.

“औषध हाय त्यात. शेळ्यांस्नी लागू देऊ नका मामा, वंगाळ असतं.”

“आन् हे किती दिवस पुरंल?”

“वरीसभर. तेच पाणी फिरत राहतं.”

“वरीसभर तेच?” मामा म्हणाले. मला वाटलं ते चकित झालेत. मी मोठ्या तोऱ्यात “हां!” म्हटलं आणि झाकण लावलं.

मामांची एक पद्धत सांगायला पाहिजे. पहाटे उठल्यावर ते तोंडही धुवायच्या आधी शेळ्यांची दगडी डोणी रिकामी करतात, आतून हातानं घासतात आणि ताजं पाणी भरतात. टँकरच्या दिवसांत कमी भरतात, पण कालचं ठेवत नाहीत. कालचं पाणी लिंबाला. “मुक्या जिवाला शिळं पाणी द्यायचं न्हाई,” हे त्यांचं बोलणं. रेडिएटर तिथंच डोणीशेजारी चौकटीत उभं केलेलं, पुढं टेबलफॅन. संध्याकाळी मी पंख्याची जाळी पुसायला गेले की मामा मेंढरांच्या दिवसांचं काहीबाही सांगायचे. आठ महिने रानोमाळ, आज ह्या शिवारात तळ, उद्या त्या. एकदा म्हणाले, “तळ हलवायचा असला ना, की आदल्या सांजंला घागर भरायची न्हाई. भरली तर सकाळी जड व्हती, आन् ओतली तर पाप. तुजी सासू रिकामी घागर उपडी घालायची, की मी समजायचो, उद्या निघायचं.” बोलता बोलता ते माझ्या खोलीच्या भिंतीकडं बघत होते.

उन्हाळा लागला आणि मशीन चाललं. काय चाललं! मागच्या वर्षी ज्या आकड्याला ते जीव टाकायचं, त्याच्या कितीतरी खाली काटा. चैत्रात तर उलट दोन अंश आणखी उतरले. मी हुरळून गेले, मालकांना बोलावून दाखवलं. ते “हं” म्हणाले. पाटोद्याचं लग्न गेलं, वडवणीची गेली, गेवराईची गेली, सगळी दिलेल्या दिवशी. सकाळी मशीन चालू केलं की पाइपात जरा गुडगुड व्हायची. मी म्हटलं, हवा अडकली असेल. लिंबाचं झाड त्या वर्षी भर उन्हाळ्यात हिरवंगार होतं. मी म्हटलं, असेल. हंगामात माणूस डोळ्यांनी स्क्रीन बघतं, बाकीचं त्याला दिसत नाही.

मग आकडा चढायला लागला. आज एक, परवा एक. मी पंखा पुसला, दुसरा पंखा लावला, रेडिएटरच्या जाळीत अडकलेले शेळ्यांचे केस ब्रशनं काढले. तरी चढतोच. शेवटचं एकच मोठं लग्न राहिलं होतं, गेवराईचं. नवरदेव फौजी, रजा संपलेली, संध्याकाळच्या गाडीनं बीडहून निघणार आणि पिक्चर त्याला बरोबर न्यायचा होता. नवरी इथंच राहणार होती, म्हणून घाई. मी म्हटलं, एवढं एक जाऊ दे बाबा, मग तुला उघडून बघते.

त्या सकाळी रेंडर अर्ध्यावर आलेलं, मी चहाचा कप तोंडाला लावला आणि खोली एकदम गप झाली. पंखे बंद, स्क्रीन काळी. पुन्हा चालू केलं, दोन मिनिटांत पुन्हा बंद. तांब्याच्या ठोकळ्याला हात लावला तर चटका, आणि त्यातून निघणारा पाइप गार. म्हणजे पाणी आत शिरतच नव्हतं.

चार स्क्रू काढून ठोकळा उघडला. त्या केसाएवढ्या फटी दिसतच नव्हत्या. वर पांढरा थर, जसा आमच्याकडं चहाच्या पातेल्याला बसतो तसा. त्यात माती, आणि मातीत एक शेळीचा केस. थेंबभर पाणी बोटावर घेतलं. हिरवं नव्हतंच. आपलं नेहमीचं, गढूळ, टँकरचं.

माझं पाणी कुणीतरी बदललं होतं.

मालक दाराशी उभे होते. मी त्यांच्याकडं वळले ती तोफच. “तुमी केलं! मशीन बंद पडलं की पुणं, बरोबर ना? मग तोंडावर सांगायचं, असं मागच्या दारानं कशाला? कावून केलं सांगा! वर्षभर मरमर मरते मी, आन् तुमी रातच्याला उठून माज्या मशीनीत माती घालता?”

ते पांढरेफटक पडले. “म्या?” एवढंच म्हणाले. माझं तोंड चालूच होतं. तेवढ्यात मागून मामांचा आवाज आला, “काय झालं गं? पाणी तर आज सकाळीच बदललंय मी.”

हातात रिकामी बादली, खांद्यावर उपरणं.

“तुमी बदललं?” मी म्हटलं.

“रोज बदलतो की. चैत्रापासनं. डोणी झाली की ह्याचं. तोटी सोडायची, वरनं भरायचं. उपरण्यातनं गाळून घालतो, तसंच न्हाई घालत.”

“आन् ते हिरवं पाणी? शेळ्यांस्नी पाजलं का काय?”

मामांना राग आला. “शिळं पाणी मी जनावराला देतो व्हय? खड्डा खणून त्यात वतलं, वर माती लोटली. तूच म्हणलीस वंगाळ हाय ते. जे शेळीला वंगाळ ते ह्याला कसं चांगलं आसंल? मुकं हाय म्हणून वरीसभर त्याला तेच पाजायचं?”

मला ओरडायचं होतं. मी तोंड उघडलंही. पण टँकरच्या दिवसांत रोज बादलीभर पाणी आलं कुठून, हा विचार त्याच्या आधी आला. “मामा, हे पाणी कुठलं?”

“माज्या आंगुळीचं,” ते म्हणाले. “मला म्हाताऱ्याला काय रोज आंगूळ लागती?” मग बादली खाली ठेवली आणि आमच्या चेहऱ्यांकडं बघून त्यांना सगळं समजत गेलं. “बिघडलं का त्यानं? माज्यानं बिघडलं? म्या म्हणलं, ह्याचा जीव नीट राहिला तर तुमी राहताल. तुमची शर्यत ऐकली व्हती मी. दुसरं काय यतं मला? पाणी पाजाया यतं.”

असं म्हणून ते भिंतीला टेकून खाली बसले. मला रडू फुटलं आणि रागही तसाच होता, दोन्ही एकदम. कुणावर रागवावं ते मात्र समजेना.

मालकांनी खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली. “किती लागंल?” त्यांनी मला विचारलं.

“काय?”

“बॅटरीचं पाणी. धुवायला आन् भरायला मिळून किती लागंल ते सांग. पाटोद्याला जाऊन येतो.”

मी अजून तापलेलीच. “तुमी कावून जाताय? बसा की गप. न बोलता जिंकलात.”

“आबानं आंगुळीचं पाणी वतलं,” ते म्हणाले, “आन् त्याच्यावर मी जिंकायचं व्हय? किती ते सांग.”

मी सांगितलं. ते गेले.

मी पदर खोचला. स्टोव्हवर पातेलं ठेवलं, लिंबाचं फूल टाकलं, कढत पाण्यात ठोकळा सोडला. फेस यायला लागला. दात घासायच्या ब्रशनं एकेक फट घासली, ब्रश पोचेना तिथं केसाची पिन घातली, पुन्हा बुडवला, पुन्हा घासलं. मामा उठून आले आणि काही न विचारता रेडिएटर चौकटीतून सोडवायला लागले. मी त्यांना कढत पाणी आणून दिलं, त्यांनी ते आत ओतून, दोन्ही हातांनी धरून, लेकराला झुलवावं तसं हलवलं. खाली तोटीतून दुधासारखं पाणी आलं. “हे पांढरं कुठनं आलं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “आपल्या पाण्यातनं. आपल्याला पचतं, ह्याच्या फटी बारीक, ह्याला पचत न्हाई. ह्याला तहान नसती मामा. ह्याला फक्त ताप असतो.” त्यांनी मान हलवली. एवढी साधी गोष्ट मी त्यांना तेव्हाच सांगायला काही हरकत नव्हती, पण मला तेव्हा ‘हां!’ म्हणायचं होतं ना.

मालक डबे घेऊन आले तोवर तांब्याच्या फटी सोन्यासारख्या चमकत होत्या. बॅटरीच्या पाण्यानं सगळं खंगाळलं, भरलं, पाइप बसवले. जोडांखाली कागद. दिवसभर वाट बघायला वेळ नव्हता. आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून त्या कागदाकडं बघत होतो, मामासुद्धा, दुखऱ्या गुडघ्यांनी. कागद कोरडा राहिला. मी मशीन चालू केलं. आकडा वर गेला, थांबला, आणि खाली आला.

मी पिक्चर भागाभागानं काढते, म्हणून अर्धा आधीच निघालेला होता, उरलेला लावला. तो निघेपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही. मालकांनी भाकरी केल्या, वाकड्यातिकड्या, आणि एक माझ्या हातात आणून दिली. उन्हं अजून कडक होती तेव्हा काम संपलं. पेनड्राइव्ह प्लास्टिकमध्ये गुंडाळून मालकांच्या वरच्या खिशात घातला, खिशाला पिन लावली. “बीडच्या स्टँडवर फोटोग्राफर हाय, त्याच्याच हातात द्या. आन् गाडी हळू चालवा,” मी म्हटलं. सकाळी मी त्यांना नको ते बोलले होते, त्याची माफीही मागायची होती. त्यांनी हातानंच ‘राहू दे’ केलं आणि किक मारली.

फोटोग्राफरचा फोन आला. फौजी गाडीत बसला, पिक्चर घेऊन बसला. मी “बरं” म्हटलं आणि फोन ठेवल्यावर भिंतीवर डोकं टेकून उभी राहिले. सगळी लग्नं गेली होती. पण सकाळी मशीन बंद पडलं होतं हेही खरं होतं, आणि मालक काय म्हणतील ते मला माहीत नव्हतं. भर उन्हात पाटोद्याला आणि बीडला चकरा मारणाऱ्या माणसाला मी शर्यतीचे नियम वाचून दाखवणार नव्हते.

दिवस मावळायच्या सुमाराला गाडीचा आवाज आला. मामा डोणीपाशी होते, मी पंख्याची जाळी पुसत होते. मालक गाडी सरळ मागंच घेऊन आले. दोन्ही बाजूंना आणि मागच्या सीटवर दोरीनं बांधलेले बॅटरीच्या पाण्याचे डबे. एकेक सोडून त्यांनी भिंतीला लावून ओळीनं ठेवले, अगदी भोकाच्या खाली.

“एवढे कशाला?” मी म्हटलं. “भरून झालंय की.”

“वर्षाला बदलायचं असतं म्हणालीस ना,” ते म्हणाले. “आन् पुढच्या वर्षी ऐन टायमाला मिळालं न्हाई तर?” मग हातपाय धुवायला आत गेले. चाकणच्या भावाला नाही म्हणून सांगितलं का, हे ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं.

मामा उठले. ओळीनं एकेका डब्याला हात लावत गेले, जरा उचलून वजन बघत. “समदे भरलेत का गं?”

“भरलेत, मामा.”

ते शेवटच्या डब्यापाशी थांबले. “घागर भरली की गं पोरानं,” म्हणाले, आणि उपरण्यात तोंड घालून, शेळ्यांच्या देखत, मोठ्यानं रडले. मी जवळ जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर मलाच आवरेना.

डोळे पुसून मी म्हटलं, “उद्या सकाळी ह्याचं पाणी बदलायचं न्हाई, मामा.”

“न्हाई बदलत,” ते म्हणाले. “आता आंगूळ करीन.”